ज्या दुधाचे दही लागत नाही

सांडणीच्या, म्हणजे उंटिणीच्या, दुधात विरजण घालून रात्रभर ठेवले तर सकाळी भांड्यात आंबट, पातळ पेय मिळते. कवडी पडावी असे घट्ट दही नाही. दही घट्ट धरते ते केसीन या प्रथिनांमुळे. गाईच्या दुधातल्या केसीनमध्ये त्यातल्याच कप्पा-केसीन या प्रकाराचा वाटा सुमारे 13 टक्के असतो, सांडणीच्या दुधात तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास; आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन तर तिच्या दुधात नसतेच. स्निग्धांशाचे कण इतके बारीक की घुसळून लोणी निघता निघत नाही. दही नाही, लोणी नाही, म्हणून तूपही नाही. राजस्थानात या दुधाचा व्यापार पूर्वी कधी उभा राहिला नाही, त्याचे हे एक कारण. मधुमेहावर ते उपयोगी पडेल या आशेचे मूळही बरेचसे या घट्ट न जमण्याच्या गुणातच आहे.

दुसरे कारण राईका समाजाच्या रीतीत सापडते. राजस्थानातले हे उंटपाळ आपली उत्पत्ती थेट शिवाकडे नेतात: पार्वतीच्या हट्टापायी उंट घडला आणि त्याला सांभाळायला पहिला राईका. उंट हे दैवी देणे, त्यामुळे त्याचे दूध विकणे म्हणजे पोटचा पोर विकण्यासारखे. विकले जात ते नर, पुष्करच्या मेळ्यात, ओझ्याला आणि गाड्याला. दूध प्यायचे, पाहुण्याला पाजायचे, पण मोल घ्यायचे नाही. सांडणी उंच, म्हणून राईका एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय दुमडून मांडीवर भांडे तोलतो आणि धार काढतो. चार सडांपैकी दोन पिल्लासाठी सोडायचे. रानात पेला नसतो. रुईचे पान दुमडले की द्रोण होतो, फेसाळ दूध त्यातूनच ओठाला लावायचे.

आयुर्वेदाला हे दूध ठाऊक होते. चरकसंहितेत उष्ट्रीक्षीर, म्हणजे सांडणीचे दूध, रूक्ष, उष्ण, किंचित खारट आणि हलके सांगितले आहे, आणि ते आनाह (पोटफुगी), कृमी, सूज, उदर (पोटात पाणी होणे) आणि अर्श (मूळव्याध) यांवर हितकर म्हटले आहे. सुश्रुताची यादीही साधारण अशीच आहे. त्या श्लोकांत प्रमेहाचे, म्हणजे ज्या विकारांत मधुमेह मोडतो त्यांचे, नाव मात्र कुठे नाही. त्यामुळे हे मधुमेहावरचे प्राचीन औषध आहे असे कोणी सांगू लागले की मला थोडे थांबावेसे वाटते. दूध प्राचीन आहे, दावा नवा आहे.

तो दावा समजायला इन्शुलिनची अडचण लक्षात घ्यावी लागते. 1921 मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले, पण ते गोळीतून देता येईना, कारण जठरातले आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात. म्हणून सुई. आता सांडणीच्या दुधात इन्शुलिन किंवा इन्शुलिनसारखे प्रथिन आढळते, आणि हे दूध जठरात गाईच्या दुधासारखा घट्ट गोळा धरत नाही. तेव्हा ते पटकन पुढे सरकत असेल आणि आतले इन्शुलिन शाबूत आतड्यात पोचत असेल, असा तर्क मांडला गेला. तर्क देखणा आहे. पण आतड्यात पोचणे आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अजून सिद्ध झालेली नाही.

संशोधनाचे ठिकाण बीकानेर. तिथे 1984 पासून राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे. याच शहरातल्या सरदार पटेल मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या बाजूने या दुधाकडे पाहिले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत उत्तर-पश्चिम राजस्थानातले चार गट होते. सांडणीचे दूध पिणाऱ्या 501 राईकांमध्ये मधुमेहाचा एकही रुग्ण सापडला नाही. या शून्याची पुढे जगभर जाहिरात झाली. बाकीचे आकडे कमी वाचले गेले: हे दूध न पिणाऱ्या राईकांत 0.7 टक्के, दूध पिणाऱ्या इतर लोकांत 0.4 टक्के, आणि राईकाही नाहीत व दूधही पीत नाहीत अशांत 5.5 टक्के. म्हणजे दूध न पिताही राईकांमध्ये मधुमेह विरळाच होता. त्यांचे चालणे, खाणे, रक्ताचे नाते यांतले काय कामी आले हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही. बिगर-राईकांतला फरक दुधाच्या बाजूने बोलतो, हे मात्र मान्य करायला हवे. अर्थात रोज हे दूध मिळणारा माणूस बहुधा उंटांमागे हिंडणाराच असणार.

2011 मध्ये आलेला प्रयोग याहून नेटका होता. टाईप 1 मधुमेहाचे, म्हणजे ज्यांचे शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही असे, 24 रुग्ण आणि दोन वर्षांचा काळ. सर्वांना नेहमीचे उपचार, त्यातल्या 12 जणांना शिवाय रोज 500 मिलिलिटर सांडणीचे दूध. त्यांची इन्शुलिनची गरज घटली, तिघांची तर शून्यावर आली. बारांतले तीन ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण भरवसा ठेवण्याइतकीही नाही. दुसऱ्या गटाला तुलनेसाठी दुसरे कोणतेही दूध दिलेले नव्हते, त्यामुळे आपण काय पितो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. टाईप 1 च्या रुग्णाने अशा आकड्यांवर विसंबून सुई बंद केली तर जिवावर बेतते.

याच काळात उंटांवर वाईट दिवस आले. ट्रॅक्टर आले, गायरान आटले. देशात 2012 च्या पशुगणनेत सुमारे चार लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख उरले. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा मान दिला आणि पुढच्या वर्षी कत्तलबंदीचा व राज्याबाहेर नेण्यावर निर्बंधांचा कायदा केला. नर विकून पोट भरणाऱ्यांची त्याने आणखी अडचण झाली. उरले दूध. दूध न विकण्याचा सोवळ्याचा नियम सैल पडला तो असा, पोटापायी. 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या दुधाची मानके ठरवली. कच्छमध्ये मालधारींकडून, म्हणजे तिथल्या पशुपालकांकडून, दूध गोळा होऊ लागले आणि जानेवारी 2019 मध्ये अमूलने अर्ध्या लिटरची बाटली 50 रुपयांना बाजारात आणली. बीकानेरच्या केंद्राने कुल्फी, चहा, कॉफी करून दाखवली. चीज मात्र अडून बसले होते. गाईच्या वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातल्या दूध साकळवणाऱ्या रसाने, या दुधाचा गोळा नीट होत नाही. त्यावर उंटाच्या कायमोसिनची, म्हणजे रेनेटमधल्या मुख्य पाचक द्रव्याची, मात्रा लागू पडली, आणि गंमत अशी की ते गाईच्या दुधालाही जास्त मानवते.

दूध नाशवंत आणि उंट शहरापासून दूर, म्हणून शेवटी भुकटी. तिचा हिशेब घरी करून पाहण्यासारखा आहे. या दुधात घन भाग लिटरमागे 110 ते 120 ग्रॅम धरला, तर प्रयोगातल्या अर्ध्या लिटरला साधारण 55 ते 60 ग्रॅम भुकटी लागते. वीस ग्रॅमची एक पुडी पाण्यात ढवळून पिणाऱ्याच्या पोटात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा जातो. पूर्ण मात्रा घेतली तर सोबत वीसेक ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हीही येते. ते आहारातल्या कर्बोदकांत मोजावे लागते. सांडणीच्या दुधाचे चॉकलेटही निघाले आहे, त्यात साखर वेगळी.