‘अंतर्गत बाब’ आणि जिनिव्हातले साडेतीन तास

एका देशाने दुसऱ्याला ‘तुमच्या कोठडीत माणसं सुरक्षित नाहीत, कायदा सुधारा’ असं सांगायचं आणि त्याने ते जगासमोर बसून ऐकायचं, ही रीत २००८ पासूनची. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत जिनिव्हाला होणारा हा ‘सार्वत्रिक नियतकालिक आढावा’. त्याआधी असा विषय निघाला की बहुतेक सरकारं ‘ही आमची अंतर्गत बाब’ म्हणून मोकळी होत.

गोव्याने हे उत्तर सोसलेलं आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ करून टाकलं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. ताब्यातल्या परतंत्र प्रदेशांची माहिती मागितली गेली, तेव्हा लिस्बनने कळवलं, असे प्रदेश आमच्याकडे नाहीतच. अखेर १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव १५४२ मध्ये नावानिशी यादी दिली. तीत अंगोला, मोझांबिकबरोबर गोवाही होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार तरीही बधला नाही.

मानवी हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांत १९४६ पासून एक आयोग होता. पण तिथे कुणाला धारेवर धरायचं आणि कुणाला सोडायचं हे गटबाजीवर ठरे. २००३ मध्ये गद्दाफींच्या लिबियाकडे त्याचं अध्यक्षपद गेलं, तेव्हा उरलीसुरली पतही गेली. मार्च २००६ मध्ये आमसभेने मानवी हक्क परिषद स्थापली आणि सर्व देशांचा आळीपाळीने आढावा घ्यायचं ठरलं. यातून कुणालाच सूट नाही. माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ यातच आहे: आज विचारणारा उद्या स्वतः उत्तर द्यायला बसतो.

पहिल्याच सत्रात, एप्रिल २००८ मध्ये, भारताची पाळी आली. नंतर २०१२, २०१७ आणि २०२२. आता एका आढाव्याला साडेतीन तास मिळतात. त्यातली सत्तर मिनिटं आढावा होत असलेल्या देशाची, उरलेल्या वेळात बाकीचे बोलतात. शंभरावर देशांनी नावं दिली की एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं, म्हणून प्रतिनिधी आभाराचं वाक्य आटोपून थेट शिफारशींवर येतात. शिफारस एक तर स्वीकारायची, नाही तर तिची फक्त नोंद घ्यायची. सक्ती कसलीच नाही.

भारताला पुन्हा पुन्हा ऐकावी लागलेली शिफारस छळविरोधी कराराची. १९९७ मध्ये सही झाली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार देशावर बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी, अजून व्हायचंच आहे. कोठडीत मार खाल्लेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी ज्या गोव्यात घरोघरी आहेत, तिथून तरी याचा आग्रह धरला जायला हवा. त्याला वाटही आहे. सरकारच्या अहवालाबरोबर स्वयंसेवी संस्थांच्या निवेदनांचा गोषवाराही आढाव्यापुढे ठेवतात. एकट्या संस्थेला २,८१५ शब्दांची मर्यादा आहे. पेडणे-काणकोणातली छोटी संस्थाही तेवढं लिहू शकते.