स्प्रिट्झ पाणचट का होतं?

वाईन, सोडा आणि बर्फ. स्प्रिट्झला एवढंच लागतं, तरीही ग्लास अर्धा होण्याआधीच ते पाणचट लागायला लागतं. दोष बहुतेक वेळा वाईनचा नसतो, तापमानाचा असतो.

सोड्यातला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळवलेला असतो. जितका दाब जास्त तितका वायू जास्त विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम. बाटली उघडली की दाब जातो, आणि वायू टिकवायला आपल्या हातात उरतो तो फक्त गारवा. हवेच्या नेहमीच्या दाबाइतक्या कार्बन डायऑक्साइडखाली एक लिटर पाण्यात ० अंश सेल्सिअसला या वायूचे सुमारे ३.३ ग्रॅम विरघळतात, २० अंशांना जेमतेम १.७ ग्रॅम.

मग भरपूर बर्फ घातला की झालं? नाही, खरी चूक इथेच होते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो. १०० मिली वाईन आणि १०० मिली सोडा २५ अंशांवर असतील, तर ते २ अंशांपर्यंत आणायला साधारण ५७ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. तेवढं पाणी थेट ग्लासात येतं, आणि १२ टक्के मद्यार्काच्या वाईनचं पेय ६ ऐवजी ४.७ टक्क्यांवर येतं. हेच दोन्ही फ्रिजमधून ५ अंशांवर काढले, तर सुमारे ८ ग्रॅम बर्फ पुरतो. म्हणून वाईन आणि सोडा किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवा, ग्लासही गार करा. बर्फाचं काम पेय थंड करण्याचं नाही, थंड राखण्याचं आहे. मोठे खडे घ्या, ते सावकाश वितळतात.

ओतण्याचा क्रमही महत्त्वाचा. फ्रीझरमधून नुकत्याच काढलेल्या बर्फावर हिमकण असतात. त्यांच्या खाचांत हवा अडकलेली असते आणि बुडबुडे तिथेच जन्मतात. अशा न भिजलेल्या खड्यांवर सोडा ओतला की फेस उसळतो आणि वायू वाया जातो. आधी बर्फ, त्यावर वाईन, म्हणजे खडे ओले होऊन गुळगुळीत होतात. मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा सोडा. गोडवा नसलेली वाईन पाण्याहून किंचित हलकी असते, त्यामुळे सोडा आपसूक खाली जाऊन मिसळतो. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. ढवळत बसू नका, शेकरमध्ये तर मुळीच घालू नका.

सोड्याची ती झणझणीत चव फक्त बुडबुड्यांची नाही. जिभेवरचं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर वायूचं आम्लात रूपांतर करतं, तो आंबटसर चटका त्यातून येतो. उंचीवरच्या त्रासासाठी असिटाझोलामाइड घेणाऱ्या गिर्यारोहकांना फसफसणारी पेयं बेचव लागतात, कारण ते औषध हेच विकर रोखतं.

आता वाईन. सोड्याने आम्लता आणि सुगंध दोन्ही निम्मे होतात, म्हणून मुळात आंबटपणा ठसठशीत असलेली पांढरी वाईन घ्यावी. सोव्हिन्यॉं ब्लां किंवा कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रीझलिंग उत्तम. ओकच्या पिंपात मुरवलेली किंवा तुरट लाल वाईन टाळा, गारव्यात तुरटपणा आणखी बोचतो. महागडी वाईन यात घालणं म्हणजे तिचा सुगंध वाया घालवणं. आणि चव सौम्य असली तरी १०० मिली वाईनमधला साडेनऊ ग्रॅम मद्यार्क जसाच्या तसा ग्लासात असतो.

सोड्याच्या बाटलीवरचा मजकूर जरूर वाचा. बायकार्बोनेट जास्त असलेलं खनिज पाणी वाईनमधलं आम्ल मारतं आणि पेय सपक होतं. अशा वेळी लिंबाचा रस ५ मिली घातला की चव सावरते. सुगंधासाठी मात्र रसापेक्षा साल बरी: ग्लासावर धरून पिळली की तिच्यातलं तेल पेयावर पसरतं. फळांचे बारीक तुकडे घालू नका. त्यांच्या खडबडीत कडांवर बुडबुडे तयार होतात आणि सोडा लवकर मरतो. एक जाड चकती पुरते.