गावात मिटलं, कोर्टात नाही: फौजदारी तडजोडीचा अर्ज करताना

बांधावरून भावकीत मारामारी झाली, गुन्हा नोंद झाला, चार जाणत्यांनी बसवून मिटवलं, पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या. वर्षभरानं दारात वॉरंट. हे इतक्यांदा बघितलंय की आता सांगायचाही कंटाळा येतो. २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या झाल्या, पण समितीत मिटलेली केस कोर्टाला आपोआप कळत नाही. तिथं हजर राहून तडजोडीची पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्यावीच लागते.

आधी कलम बघा. साधी मारहाण, अपमान होईल अशी शिवीगाळ, दुसऱ्याच्या रानात घुसणं हे गुन्हे मिटवता येतात. कोणते मिटतात त्याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. फिर्यादीत कोयता किंवा कुऱ्हाड आली आणि भारतीय न्याय संहितेचं ११८ कलम लागलं (१ जुलै २०२४ आधीच्या घटनेत दंड संहितेचं ३२४), की तडजोडीनं मिटत नाही, लोकअदालतही (तडजोडीनं केस मिटवायला भरते ती) ती केस घेत नाही. मग गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली. तरी दोघं राजी आहेत एवढ्यावर गुन्हा रद्द होईलच असं धरू नका.

मिटण्यासारखी केस लोकअदालतीत ठेवायचा अर्ज कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात जाऊ नका, तिथं आता बेंच भरतं. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. फी नाही. महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आधार आणि एफआयआरची प्रत सगळेच आणतात. अडतं ते नंबरावर. एफआयआरवर असतो तो पोलीस ठाण्याचा गुन्हा नंबर. कोर्टाला हवा असतो आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातल्या फौजदारी केसचा नंबर. तो समन्सवर असतो, आणि समन्स नेमकं हरवलेलं असतं. ई-कोर्ट्सच्या साईटवर आरोपीच्या नावानं शोधा.

दुसरी अडचण माणसाची. पन्हाळ्याकडचे एक आजोबा प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टॅम्प घडी करून आले होते. फिर्याद त्यांची, पण मार लागला होता सुनेला. सून घरी, म्हशी कोण बघणार म्हणून. मारहाणीत तडजोड करायचा हक्क मार खाल्लेल्याचा, फिर्याद कुणी का दिलेली असेना. बाहेर चहाला दोन्ही घरं एकत्र बसलेली, तरी त्या दिवशी काम झालं नाही. टेबलापलीकडून एवढंच उत्तर आलं, "पुढच्या तारखेला आणा." हे अर्ज घेतानाच सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची एसटीची खेप वाचली असती.

लोकअदालतीची तारीख ही अर्जाची शेवटची तारीख नव्हे. त्या दिवशी केस बोर्डावर (त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत) असावी लागते, म्हणून अर्ज बराच आधी द्या. मधली नेहमीची तारीखही चुकवू नका. वॉरंट निघालं असेल तर आधी ते रद्द करून घ्या.

तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात काढा. पोराच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत पोलीस तीच मागतात.