टेम्पलेटमधून स्क्रिप्ट आणि स्टाइलशीट जोडणे

वेबपानाला कोणत्या जावास्क्रिप्ट (बटणे वगैरे चालवणारा कोड, म्हणजे स्क्रिप्ट) आणि सीएसएस (सजावट ठरवणारी स्टाइलशीट) फायली, कुठे आणि कोणत्या क्रमाने जोडायच्या, हे टेम्पलेटमधूनच, म्हणजे पानाच्या साच्यातूनच ठरवण्याची पद्धत. पानाच्या आतला छोटा टेम्पलेट-तुकडा आपली गरज सांगतो. फाइल जागेवर बसवण्याचे काम बेस टेम्पलेटचे, म्हणजे सगळ्या पानांच्या समान साच्याचे.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांसाठी एक संकेतस्थळ आहे असे धरू. एकाच पानावर वर केळीचे भाव, खाली कापसाचे. दोन्ही चौकटी एकाच टेम्पलेटमधून आलेल्या. त्या टेम्पलेटमध्येच स्क्रिप्ट टॅग लिहून ठेवला, तर तीच स्क्रिप्ट दोनदा चालते आणि प्रत्येक बटणाला दोन हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) चिकटतात. मग क्लिक केल्यावर भावांची यादी उघडते आणि त्याच क्षणी मिटते. शेतकऱ्याला वाटते, बटणच बंद आहे.

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीत यासाठी फाइलला नाव देऊन ती रांगेत लावतात आणि ती कशावर अवलंबून आहे तेही सांगतात. जेक्वेरी ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी हवी असेल तर ती आधी येते, आणि एकच नाव कितीदाही मागितले तरी फाइल एकदाच जोडली जाते. मात्र थीमच्या (संकेतस्थळाच्या टेम्पलेटांच्या संचाच्या) फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या भागात, डब्ल्यूपी-फूटरची (wp_footer) ओळ राहून गेली, तर तळाशी लावलेल्या स्क्रिप्ट पानात येतच नाहीत. नवख्याचा अख्खा दिवस यात जातो, म्हणून आधी ती ओळ बघावी. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या ब्लेड टेम्पलेटमध्ये पुश (तुकड्यातून फाइल पाठवणारा) आणि स्टॅक (बेसमध्ये ती बसवणारा) हेच काम करतात. दुबार टाळायला वन्स ही सूचना आहे. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये इन्क्लूड केलेल्या (पानात घातलेल्या) तुकड्यातून बेसचा ब्लॉक, म्हणजे त्यात ठेवलेली भरायची जागा, भरता येत नाही, तो पानाच्या टेम्पलेटनेच भरावा लागतो.

स्टाइलशीट पानाच्या सुरुवातीच्या हेड भागात ठेवतात, नाहीतर उघडे, बिनसजावटीचे पान क्षणभर दिसू शकते. स्क्रिप्ट टॅगवर डिफर किंवा एसिंक असा शब्द लावता येतो. डिफर लावलेल्या स्क्रिप्ट एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर) वाचून झाल्यावर क्रमाने चालतात. एसिंकची स्क्रिप्ट उतरून आली की लगेच, क्रम न पाहता चालते. एकमेकींवर अवलंबून असलेल्या फायलींना एसिंक लावू नये.

ज्या पानाला लागेल त्यालाच फाइल द्यावी, हा नियम खानदेशात फार मोलाचा. जळगावात फायबरवर झटकन उघडणारे पान सातपुड्यात, धडगावकडे रेंज कमी असेल तिथे, जड फायलींपायी अडून बसते. फाइल बदलली की तिच्या पत्त्यातला आवृत्ती क्रमांकही बदलावा. नाहीतर मोबाइल साठवलेली जुनीच फाइल वापरत राहतो आणि दुरुस्त केलेले बटण त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.