पाचशे लिटर म्हणजे किती पोते?
छोटी लक्झरी एसयूव्ही घेण्याआधी डिकी कशी पाहावी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. नवी घ्यायची असेल तर ग्राहकासोबत नागपूरच्या शोरूमलाही जातो. तिथं सनरूफ, स्क्रीन, सीटचं लेदर सगळं निवांत बघून होतं. डिकी मात्र बटण दाबून उघडायची, "बाप्पा, मोठी आहे न!" म्हणायचं आणि बंद करायची, एवढंच होतं. पुढं लग्नाला निघायच्या दिवशी आहेराची बॅग मावशीच्या मांडीवर येते. एवढे लाख मोजून हे होऊ नये, म्हणून थोडं सांगतो.

आधी लिटरचं. "भाऊ, पाचशे लिटर म्हणजे किती पोते?" हा प्रश्न दुकानात नेहमी येतो आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. बहुतेक युरोपीय कंपन्या डिकी मोजायला जर्मन वाहन उद्योग संघटनेची व्हीडीए पद्धत वापरतात. 20 सेंमी लांब, 10 रुंद आणि 5 जाड असा ठोकळा म्हणजे 1 लिटर. डिकीत असे जितके ठोकळे रचता येतील, तितके लिटर. एवढासा ठोकळा चाकाच्या फुगवट्यामागच्या खोबणीतही बसतो. तुमचं सामान तिथं बसत नाही.

हिशेब करून पाहा. समजा डिकीचा तळ 100 सेंमी रुंद, 85 सेंमी खोल आणि वरच्या ट्रेपर्यंतची, म्हणजे सामान झाकणाऱ्या फळीपर्यंतची, उंची 50 सेंमी आहे. हे झाले 425 लिटर. संत्र्याचं प्लास्टिक कॅरेट साधारण 54 सेंमी लांब, 36 रुंद, 29 उंच, म्हणजे 56 लिटरचं. भागाकार केला तर सात कॅरेट मावायला हवीत. प्रत्यक्षात तळावर कशीही फिरवून ठेवा, तीनच बसतात. दुसरा थर लावायला 58 सेंमी उंची लागते आणि ट्रे तर 50 वरच आहे. ट्रे काढून रचली तर सहा जातील, पण मागचं काही दिसणार नाही.

म्हणून आकडा ऐकला की तो कशाचा, हे विचारा. ट्रेपर्यंतचा की छतापर्यंतचा? तळाखालचा कप्पा त्यात धरला आहे का? मागची सीट कुठं होती? 2018 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या ऑडी क्यू3 चंच घ्या. कागदावर डिकी 530 लिटर, आणि मागची सीट पूर्ण पुढं सरकवली की 675. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त 675 वेळी मागं बसलेल्या काकांचे गुडघे कुठं जातात, ते तिथंच सीट सरकवून, बसून पाहा.

आता स्टेपनी. आमच्या मते सगळ्यात जास्त फसगत इथं होते. युरोपात अशा कित्येक गाड्या स्टेपनीशिवाय, पंक्चर किटवर (टायरमध्ये फेस भरून छिद्र बुजवायचा संच) विकल्या जातात, त्यामुळे तळाखाली चाकासाठी खळगाच नसतो. आपल्याकडे गिऱ्हाईक स्टेपनी मागतं, मग काही मॉडेलांत ती डिकीच्या तळावर आडवी ठेवून पट्ट्यानं बांधून देतात. कॅटलॉगमधल्या फोटोत ती नसते आणि लिटरच्या आकड्यातही बहुधा नसते. शोरूममधल्या डेमो गाडीतून ती काढून ठेवलेली असू शकते. तेव्हा "डिलिव्हरीला स्टेपनी नेमकी कुठं असेल?" हे विचारा आणि जमलं तर तशीच गाडी उघडून दाखवायला सांगा.

स्टेपनी नसलेली गाडी बेकायदा नाही. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर 2020 पासून नियमांत तशी सूट आहे. पण किटचा फेस खिळ्याच्या छिद्राला चालतो, फाटलेल्या टायरला नाही. पांदण रस्त्यावर टायरची बाजूच चिरली तर किट काय करणार? आमचा कल स्टेपनीकडे आहे, मग थोडी जागा गेली तरी चालेल. फक्त लक्षात असू द्या, जागा वाचवायला नेहमीच्या चाकापेक्षा बारीक स्टेपनी दिली असेल तर ती ताशी 80 किमीपर्यंतच चालवायची असते. समृद्धीवर ती लावून उजवी लेन धरू नका.

मोजायचं कुठं? घरून टेप न्या. दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी घ्या, सगळ्यात रुंद जागेची नको. खोली तळाशी घ्या आणि ट्रेच्या पातळीवरही घ्या, कारण सीटची पाठ मागं कललेली असते. दाराच्या तोंडाची उंची वेगळी मोजा. मागची काच उतरती असली की आत उंची असूनही कुलरचं खोकं दारातच अडतं. बंपरचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे तेही पाहा. तुरीचा 50 किलोचा कट्टा कमरेच्या वर उचलून पुन्हा आत खाली सोडायचा म्हणजे पाठीचं काम, आणि घासून बंपरचा रंगही जातो. विजेवर उघडणारं दार असेल तर तुमच्या पोर्चच्या टिनाला ते लागेल का, याचा अंदाज घ्या. बऱ्याच गाड्यांत दार किती उघडावं हे ठरवून ठेवता येतं.

टेपपेक्षा खात्रीचं म्हणजे आपलं सामानच घेऊन जाणं. दोन ट्रॉली बॅगा, पोराची सायकल, आजींची व्हीलचेअर, जे नेहमी न्यायचं असेल ते. सेल्समन हसला तर हसू द्या. सीट 40:20:40 अशी तीन भागांत पडणारी असेल तर मधला भाग पाडून लांब पाइप नेता येतो आणि दोघं मागं बसूही शकतात. तशी सोय आमच्याकडच्या लोकांना सनरूफपेक्षा जास्त कामाला येते.

जागा आहे म्हणून भरू मात्र नका. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं, आरसीवर रिकाम्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून. पाच धडधाकट माणसं साडेतीनशे किलोच्या पुढं जातात, मग क्विंटलभर धान्याला किती जागा उरते ते तुम्हीच काढा. जड सामान खाली, सीटला टेकून ठेवा आणि तळाच्या कड्यांना बांधा.

आणि एक गोष्ट आग्रहानं. एसयूव्हीची डिकी सेडानसारखी वेगळी नसते. ट्रेखालची हवा आणि तुमची हवा एकच. फवारणीचं औषध, वापरलेला पंप, डिझेलची कॅन या डिकीत ठेवू नका, "दहाच मिनिटाचं अंतर आहे" म्हणूनही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एसी लावून बंद काचांत ती वाफ घरच्यांना कशाला द्यायची? त्यासाठी डाला (उघडी पिकअप) किंवा ट्रॅक्टर बरा.

जुनी गाडी घेत असाल तर डिकीतला गालिचा पूर्ण उचला. खाली गंज, ओल किंवा चिखलाची रेघ दिसली तर गाडीत पाणी शिरलेलं असू शकतं. स्टेपनी, जॅक, पाना आणि ट्रे जागेवर आहेत का पाहा. ट्रे हमखास हरवलेला असतो आणि या गाड्यांचा नवा ट्रे स्वस्त नसतो, तेव्हा भाव ठरवताना तो मोजून घ्या. आमच्याकडच्या गाडीतही हे सगळं उघडून पाहा, टेप काउंटरवर मागा.