तुमच्या बेस ॲम्पवर छापलेले वॉट आणि आमच्या टेबलावर निघालेले वॉट

दुरुस्त झालेला बेस ॲम्प (बेस गिटारचा ॲम्प्लिफायर) परत देताना आम्ही सोबत एक चिठ्ठी देतो. तिच्यावर दोनच आकडे असतात: 8 ओहमवर किती वॉट आणि 4 ओहमवर किती (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध). दोन्ही आकडे आवाज फाटण्याआधीचे, 41 हर्ट्झवर (बेसच्या मोकळ्या ई तारेच्या सुरावर), एक मिनिट सलग मोजलेले. ॲम्पच्या दर्शनी पट्टीवर 500 किंवा 800 छापलेलं असतं आणि चिठ्ठीवर 230 दिसतं, तेव्हा बरेच जण काउंटरवरच थांबतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दुरुस्तीत काही राहिलं का?’

काही राहिलेलं नसतं. ॲम्प नवा असतानाही तेवढेच वॉट देत होता, मोजले कोणी नव्हते एवढंच. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं मागे उभी असताना हे नीट समजावता येत नाही, आणि प्रश्न तुमच्या कष्टाच्या पैशाचा आहे. म्हणून हे पत्रक.

एक उदाहरण

साताऱ्याकडचे एक बेसवादक लग्नाच्या सीझनआधी हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, घेऊन आले. ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलेला माणूस. हेडवर ठळक 800. सोबत 8 ओहमचं एकच कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं. तक्रार अशी की ड्रमर जोरात आला की बेस बुडतो.

आम्ही डमी लोड लावला. स्पीकरऐवजी मोठे वायरवाउंड रेझिस्टर जोडायचे, म्हणजे दुकान हादरत नाही आणि स्पीकरही धोक्यात येत नाही. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, ती पाहत व्हॉल्यूम वाढवत गेलो. 8 ओहमवर 43 व्होल्टला लाटेचं डोकं चपटं व्हायला लागलं. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागायचं: 1849 भागिले 8, म्हणजे 231 वॉट. 4 ओहमवर 41 व्होल्ट मिळाले, म्हणजे 420 वॉट. मग 800 कुठून आले? 41 व्होल्ट ही लाटेची आरएमएस किंमत, म्हणजे ताकद काढताना धरायची एक प्रकारची सरासरी. लाटेचं सर्वांत वरचं टोक 58 व्होल्टला जातं. त्या टोकाचा वर्ग करून 4 ने भागलं की 840 येतात. जाहिरातीतला आकडा त्या टोकाचा होता, तोही 4 ओहमवर.

या माणसाकडे 4 ओहम कधी नव्हतेच. त्यांना आजवर मिळत होते 231.

ते बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे एवढी वर्षं मी 800 समजून 230 वर वाजवतोय?” आम्ही म्हणालो, “हो दादा. पण वाजवत होता, हेही खरं.” त्यांनी ॲम्प विकला नाही. त्याच जातीचं दुसरं 8 ओहमचं कॅबिनेट घेतलं. दोन मिळून 4 ओहम झाले, ॲम्पचे उरलेले वॉट बाहेर आले आणि स्पीकर दुप्पट झाल्याचा फायदा वेगळा. त्यांची तक्रार तिथेच मिटली. ॲम्प बदलला असता तर कदाचित मिटलीही नसती.

आकडा कसा फुगतो

पहिलं कारण वर आलंच, ओहम. ‘500 वॉट’ या शब्दांना ‘किती ओहमवर’ जोडल्याशिवाय अर्थ नाही. आजच्या बहुतेक हलक्या हेडवर तो आकडा 4 ओहमचा असतो, क्वचित त्याहून कमी ओहमचा. एकच 8 ओहमचं कॅबिनेट लावणाऱ्याने छापलेला आकडा ढोबळमानाने निम्मा धरावा. यात खोटं काही नाही, फक्त अर्धं वाक्य खालच्या बारीक अक्षरात ढकललेलं असतं.

दुसरं कारण टोक आणि आरएमएस यांची अदलाबदल. स्वच्छ साइन लाटेत टोकाचे वॉट आरएमएस वॉटच्या बरोबर दुप्पट येतात. पीक, मॅक्स, म्युझिक पॉवर हे शब्द दिसले की आधी दोनने भागून बघा. ‘पीएमपीओ’ दिसलं तर तो आकडा विचारातच घेऊ नका. तो मोजायचा कोणताही मान्य नियम नाही. छोट्या म्युझिक सिस्टिमवर हजारांचे आकडे छापलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

तिसरं कारण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं. लाट चपटी होऊ दिली तर वॉट वाढत जातात. 10 टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेला आकडा स्वच्छ मापापेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त येतो. त्या पातळीला बेसचा सूर गढूळ झालेला कान सहज ओळखतो.

चौथं कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते बेसच्याच मुळावर येतं. ते म्हणजे वेळ. क्षणिक ताकद मोजायच्या एका जुन्या पद्धतीत 1000 हर्ट्झचा सूर फक्त 20 मिलिसेकंद सोडतात आणि मग अर्ध्या सेकंदाच्या टप्प्याने पुन्हा तेच. बेस गिटारच्या मोकळ्या ई तारेची वारंवारता 41.2 हर्ट्झ. तिची एकच लाट पूर्ण व्हायला 24 मिलिसेकंद लागतात. पाच तारांच्या बेसवरची खालची बी सुमारे 31 हर्ट्झ, तिला 32 मिलिसेकंद. म्हणजे त्या चाचणीत ॲम्पला तुमच्या ई तारेची एक लाटही पुरी काढावी लागत नाही. असा आकडा बेसवाल्याच्या कामाचा नाही. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर एवढा वेळ साठवणीवर काढून नेतात, मेहनत पुढे सुरू होते. आम्ही 41 हर्ट्झवर एक मिनिट मोजतो ते यासाठी.

क्लास डी (आजच्या हलक्या हेडमधलं कमी तापणारं सर्किट) मॉड्यूल बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आपल्या डेटाशीटमध्ये हे प्रामाणिकपणे लिहितात: जास्तीत जास्त ताकद किती सेकंद टिकेल, आणि उष्णतेमुळे बंद न पडता सलग किती मिळेल. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खूप लहान असतो. तेच मॉड्यूल हेडच्या खोक्यात बसलं की जाहिरातीत पहिला आकडा येतो आणि सेकंद गळून पडतात.

अमेरिकेत 1974 साली याच कारणाने नियम झाला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॉटसोबत ओहम, वारंवारतेची मर्यादा आणि डिस्टॉर्शन सांगणं बंधनकारक केलं. मोजण्याआधी ॲम्प तासभर एक तृतीयांश ताकदीवर तापवायची अटही होती, पुढे ती एक अष्टमांशावर आली. पण हा नियम घरगुती करमणुकीच्या ॲम्पचा. स्टेजवरचे गिटार आणि बेस ॲम्प त्यात बसत नाहीत, म्हणून त्या जाहिरातींना मोकळं रान मिळालं.

मागच्या पट्टीवरून निष्कर्ष काढण्याआधी

हुशार गिऱ्हाईक ॲम्प उलटा करून मागची पट्टी वाचतं. समोर 400, मागे ‘वीज वापर 100 वॉट’. मग संतापून येतं, “शंभर खाणारा चारशे कसे देईल?” हा संताप बरेचदा चुकीच्या जागी असतो. सुरक्षा चाचणीच्या प्रचलित पद्धतीत पट्टीवरचा वापर पूर्ण ताकदीचा नसून एक अष्टमांश ताकदीवरचा असतो, कारण सामान्य संगीतात सरासरी साधारण तेवढीच पडते. 400 चा एक अष्टमांश 50. तेवढे द्यायला, आतल्या खर्चासकट, 100 च्या आत-बाहेर वीज लागणं पटण्यासारखं आहे.

फ्यूज मात्र जास्त सांगतो. 230 व्होल्टवर 2 अँपिअर म्हणजे 460 वॉट. अशा हेडने 800 वॉट सलग द्यायचे तर आत येणारा प्रवाह 4 अँपिअरच्या वर जाईल, आणि दुप्पट प्रवाह स्लो-ब्लो फ्यूजसुद्धा फार वेळ सहन करत नाही. क्षणभर जमेल, सलग नाही.

गावच्या जत्रेत जनरेटरवर वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं की ताकद वर्गाच्या हिशोबाने घटते आणि सुमारे 68 टक्केच उरते. घरी दणकट वाटलेला ॲम्प मैदानात लवकर फाटतो तो यामुळे. त्यात ॲम्पचा दोष नाही.

कळल्यावर माणसं काय करतात

काहींना राग येतो, आणि तो रास्त आहे. काही जण आमच्या मापावरच शंका घेतात. तेही चांगलं, त्यांना आम्ही समोर उभं करून मोजून दाखवतो. काही म्हणतात, “आवाज आवडतो, मग आकड्याचं काय करायचं?” आणि काही जण आकडा कळल्यापासून तोच ॲम्प कमी ऐकू येतो असं सांगतात.

जगभर गाजलेलं उदाहरण डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकच्या आरएच450 या हेडचं. नावातच 450. पुढे उघड झालं की आतल्या पॉवर ॲम्पची ताकद 236 वॉट आरएमएस आहे. कंपनीचं म्हणणं असं की ॲम्पमधली ‘ॲक्टिव्ह पॉवर मॅनेजमेंट’ नावाची व्यवस्था सिग्नल अशा रीतीने सांभाळते की तो 450 वॉटच्या ॲम्पइतका मोठा वाटतो. मालकांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, आम्ही फसवले गेलो. दुसरा म्हणे, काल जो आवाज आवडत होता तोच आजही येतोय.

आम्हाला दोघांचंही पटतं. 450 आणि 236 मधला फरक 2.8 डेसिबल आहे. वॉट निम्मे झाले की 3 डेसिबल कमी होतात. आवाज निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहावा हिस्सा वॉट लागतात. तीन डेसिबल शेजारी शेजारी ठेवून ऐकले तर कळतात, महिन्याच्या अंतराने नाही. कॉम्प्रेशनने (जोराचे सूर दाबून) सरासरी वर उचलून तेवढा फरक भरून काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण मग तसं लिहा. ‘236 वॉट, आमच्या व्यवस्थेमुळे मोठा वाटणारा’ असं लिहिलं असतं तरी चांगला ॲम्प विकला गेला असता. गिऱ्हाइकाने दोन दुकानांतले आकडे शेजारी ठेवून पैसे मोजलेले असतात. खरे 300 लिहिणारा दुसरा ॲम्प त्या तुलनेत विनाकारण लहान ठरला. नुकसान त्या प्रामाणिक कंपनीचंही झालं, आणि ते कोणाच्या कानाला ऐकू येत नाही.

जुना अनुभवही हेच सांगतो. 1952 साली आलेला फेंडर बासमन सुमारे 26 वॉटचा होता. 1969 चा अँपेग एसव्हीटी 300 वॉटचा, आणि तो मैदानांतही कमी पडला नाही. त्यासोबतचं कॅबिनेट आठ दहा-इंची स्पीकरचं होतं, हे विसरू नका.

कॅबिनेट घेताना वॉटऐवजी आधी सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे 1 वॉटला 1 मीटरवर किती डेसिबल. 94 आणि 100 मध्ये 6 डेसिबलचा फरक, म्हणजे चौपट वॉट. 236 वॉट 100 च्या कॅबिनेटवर जेवढे वाजतील तेवढं 94 च्या कॅबिनेटवर वाजवायला साडेनऊशेच्या आसपास लागतील. अर्थात हा आकडाही काही ठिकाणी फुगवलेला असतो, म्हणून शक्य असेल तर आपलाच बेस घेऊन दुकानात जा आणि ऐका.

आमच्याकडे येणारं खरं दुखणं ॲम्पच्या आकड्यापेक्षा कॅबिनेटच्या आकड्याने होतं. ‘600’ वाचून प्रत्यक्षात 300 चं कॅबिनेट घेतलेलं असतं, त्यावर खालची बी वाजते, कोन मर्यादेबाहेर जातो, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासते किंवा जळते. पुन्हा कॉइल भरायचा खर्च तुमचा.

तक्रार करायची असेल तर

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये वस्तूच्या गुणवत्तेबद्दल किंवा प्रमाणाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. सुरुवात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल, खोका आणि खरेदीच्या दिवशीची जाहिरात जपून ठेवा. जाहिरातीत बारीक अक्षरांत ‘पीक’ लिहिलेलं असेल तर बाजू थोडी लंगडी पडते, हे आधीच माहीत असावं. आमची चिठ्ठी कागदपत्रांसोबत खुशाल जोडा, त्यावर आमची सही आणि मापाची पद्धत असते.

मोजायला आणताना

ॲम्पसोबत नेहमीचं कॅबिनेट आणि तीच स्पीकर केबलही आणा. गिटारची केबल स्पीकरला लावलेली आम्हाला महिन्यातून एकदा तरी सापडते. वीस मिनिटं ॲम्प तापवून मग माप घेतो, म्हणून तासभर हाताशी ठेवा. मोजताना तुम्ही समोर थांबलात तर आम्हाला बरं वाटतं.

घरी स्वतः मोजण्याचा मोह टाळा. वाल्व्ह ॲम्प लोडशिवाय चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. अनेक क्लास डी हेडचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज असतं, त्याच्या उणे टोकाला ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप लावली की आउटपुट थेट शॉर्ट होतं. अशी दोन हेड यंदा आमच्याकडे आली, दोन्ही मोजण्याआधी उत्तम चालत होती.