जुनी ट्रॅव्हलर, विंगर ठेवणाऱ्या मालकांसाठी: काय बिघडतं आणि किती पैसे लागतात

सोलापुरातल्या आमच्या गॅरेजात येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त गाड्या दहा वर्षांच्या पुढच्या असतात, टेम्पो ट्रॅव्हलर तर सगळ्यात जास्त, आणि प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न एकच, "किती लागतील सांगा." गाडी न उघडता नक्की आकडा सांगणारा मिस्त्री आम्हाला अजून भेटायचाय, पण अंदाज तर देता येतो, म्हणून हा कागद काढलाय. खालचे दर आमच्या गॅरेजचे आहेत, मजुरी धरून, आणि पार्ट कंपनीचा घेतला की लोकल यावर वरखाली होतात.

हीटिंग

हे पहिलं घेतो कारण सोलापुरात गाड्या मरतात त्या हीटिंगनं, म्हणजे इंजिन तापून. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळीशीच्या वर असतो, गाडीत पंधरा-सतरा माणसं, टपावर सामान, एसी फुल्ल, आणि पुढं तुळजापूरचा घाट. इंजिनला थंड राहायला जेवढी व्यवस्था लागते ती सगळी धडधाकट असली तरच ते निभतं. आता होतं काय की पाणी कमी झालं की ड्रायव्हर बोअरचं पाणी ओततो, नळाला रोज पाणी येत नाही हे आम्हालाही माहिताय, पण आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, त्याचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, नळ्या बुजतात, आणि मग बाहेरून चकाचक दिसणारा रेडिएटर आतून निम्मा बंद असतो. कूलंट टाका, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, आणि मिसळायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा. रेडिएटर खोलून साफ करायला १,००० ते १,५००, नळ्या सडल्या असतील तर नवीन जाळी ६,००० ते ९,०००. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, गळायला लागली तर २,५०० ते ४,०००, होज पाईप आणि बेल्ट मिळून हजार-दीड हजार.

हे हजार-दीड हजार वाचवले की हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, जातं. हेड उतरवायचं, लेथवर फेसिंग करायचं, गॅसकेट सेट, ऑइल, कूलंट सगळं धरून १५,००० ते २२,०००, आणि हेडला तडा गेला असेल तर आकडा आम्ही फोनवर सांगतच नाही, मालकांनी समोर बसून चहा घेऊन ऐकावा. ओळखायचं कसं? सकाळी थंड गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाईप फुगून कडक होतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ फेस. यातलं काही दिसलं तर गाडी चालवत आणू नका, टोचन करून आणा. तापमानाचा काटा वर गेला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

एक गोष्ट आम्ही करत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकायचा हा जुना जुगाड आहे. त्यानं इंजिन लागतं तेवढं गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, आणि मूळ बिघाड तसाच राहतो. नवीन वॉल्व हजाराच्या आत बसतो.

धूर, पिकअप आणि इंजिन काम

काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल, मग टर्बोचे पाईप कुठं फाटलेत का ते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थोडा येऊन गेला तर काळजी नाही, गरम झाल्यावरही येत राहिला तर वरचा गॅसकेटचा परिच्छेद परत वाचा.

जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या घराण्यातलं, साध्या पंप-नोझलचं, त्यामुळं त्याचं काम स्वस्तात होतं, नोझल सेटिंग प्रत्येकी ५०० ते ८००, पंप खोलून कॅलिब्रेशन १०,००० ते १६,०००. नंतरच्या कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरच्या गाड्यांत मात्र एक इंजेक्टर बदलायचा तरी १२,००० च्या पुढं जातं आणि असे चार असतात. म्हणून कॉमन रेलवाल्यांनी डिझेल फिल्टरवर काटकसर करू नये, फिल्टरखालचं पाणी वेळच्या वेळी सोडावं, आणि कॅनमधलं स्वस्त डिझेल तर अजिबात नको. टर्बोवाल्यांनी लांबून आल्यावर लगेच चावी बंद करू नये, मिनिटभर स्लोवर राहू द्यावी. टर्बो गेला तर रिपेअर १०,००० ते १५,०००.

इंजिन बॅक मारत असेल, म्हणजे ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर भकाभका बाहेर येतोय, तर रिंग-पिस्टन-लायनरचं पूर्ण काम, ८०,००० पासून सव्वा लाखापर्यंत. इथं आमचं स्पष्ट मत असं की गाडीला बाजारात मिळतील त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा इंजिन काम महाग पडत असेल आणि पत्राही सडला असेल तर काम करू नका, विकून टाका. यात आमचं नुकसान आहे तरी सांगतोय.

क्लच, गिअर

क्लच घसरतोय म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी पुढं जात नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदलायचे, कारण पेटी उतरवायची मजुरी एकच लागते, ९,००० ते १३,०००. गिअर पेटीत आवाज असेल तर आधी ऑइल तपासा. गाडी सोडताना खालून टक्क वाजतं ते बहुतेक वेळा चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे जोड, असतो, १,५०० च्या आसपास.

पाटे, ब्रेक

पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, एखादं पान तुटलं की गाडी एका अंगावर झुकते, पान बदलायला २,००० ते ३,०००, बुश वेगळे. दर महिन्याला ग्रीस मारलं की हे काम लांबतं, ग्रीसिंगला दोनशे-तीनशे रुपये जातात, तेवढ्यात एका घराचा एक वेळचा नाश्ता होत नाही.

ब्रेकवर मात्र घासाघीस करू नका. लायनर चारी चाकांचे ४,००० ते ६,०००, व्हील सिलेंडर गळत असेल तर प्रत्येकी ८०० ते १,२००. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग घाट उतरताना ब्रेक तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल पोकळ जातं, म्हणून दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचंच. पेडल अचानक कडक झालं असेल तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमचा पंप नाहीतर पाईप गेलाय. आणि उतरताना न्यूट्रल करणारे ड्रायव्हर, तुम्हाला डिझेल वाचल्यासारखं वाटतं पण सगळा भार लायनरवर जातो.

विंगरवाल्यांसाठी वेगळं एकच, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. वळताना पुढून कट-कट येत असेल तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय, ५,००० ते ७,०००. त्याचा रबरी बूट फाटला तेव्हाच आला असतात तर हजारात भागलं असतं.

वायरिंग

बँडवाल्यांना लाजवेल असं म्युझिक, रंगीत लायटी, चार्जिंगचे दहा पॉईंट, आणि हे सगळं एका फ्यूजवर. फ्यूज उडतो म्हणून त्यात तार घातलेली आम्ही बघतो तेव्हा आम्हालाच घाम फुटतो, गाडीला आग अशीच लागते. रिले आणि वेगळे फ्यूज टाकून वायरिंग नीट करायला ४,००० ते ८,०००. डायनामो, सेल्फचं काम दोन ते चार हजारांत होतं.

पासिंग

पिवळी प्लेट असेल आणि गाडी आठ वर्षांच्या पुढची असेल तर फिटनेस दरवर्षी लागतो. तारखेच्या आदल्या दिवशी गाडी आणून "उद्या पासिंग आहे" म्हणू नका. पायदान आणि खालचा पत्रा सडला असेल तर वेल्डिंग, रंग धरून चार-पाच दिवस जातात.

काम सुरू करायच्या आधी आम्ही कागदावर अंदाज देतो, त्यापुढं खर्च जाणार असेल तर फोन करून विचारल्याशिवाय पुढं जात नाही. बदललेले जुने पार्ट पोत्यात बांधून ठेवलेले असतात, घरी न्या नाहीतर भंगारात घाला, पण बघून घ्या. आषाढी, नवरात्र आणि लग्नसराईच्या आधी गर्दी होते, तेव्हा क्लच किंवा हेडसारखं मोठं काम असेल तर पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. गाडी आणताना नेहमीचा ड्रायव्हर सोबत पाठवा, आवाज कुठून येतो ते त्यालाच माहीत असतं.